एस्प्रेसो मशीनच्या पाण्याच्या लाईनवर ब्राउकमन डी०६एफ

एस्प्रेसो मशीन थेट लाईनला जोडलं की टाकी भरायची कटकट संपते, पण त्याच दिवसापासून घरातला प्रत्येक नळ कपातल्या कॉफीत लुडबुड करायला लागतो. फ्लशची टाकी भरू लागली, वॉशिंग मशीनने पाणी ओढलं, की लाईनचा दाब पडतो आणि पंपाच्या दाबाचा नऊ बारवर (बार हे दाबाचं माप) असणारा काटा आठच्याही खाली येऊन बसतो. बोल लागतो तो कॉफीच्या दळणाला. दळण बदललं जातं, दुसऱ्या दिवशी लाईन शांत असते, मग ते पुन्हा बदललं जातं. यावर इलाज एकच, लाईनचा दाब उतरवून एका आकड्यावर धरून ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे प्लंबरच्या तोंडचा पीआरव्ही.

हे परीक्षण ब्राउकमनच्या डी०६एफ या अर्धा इंची व्हॉल्व्हचं आहे. तो बरीच वर्षं हनीवेलच्या नावाने यायचा, आता रेसिडिओच्या नावाने येतो. केलेला आहे तो अख्ख्या घराच्या लाईनसाठी, कॉफीसाठी नव्हे. तरीही या कामाला तो बहुतेक ‘खास कॉफीच्या’ छोट्या रेग्युलेटरांपेक्षा उजवा ठरतो. का, ते कळायला आधी पंपाकडे बघावं लागतं.

रोटरी पंप नऊ बार देतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. पंपाच्या अंगातच स्प्रिंगवर बसलेला एक बायपास असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो जादा पाणी परत पंपाच्या तोंडाशी सोडतो. साध्या बायपासची स्प्रिंग बाहेरचा दाब मोजत नाही, ती तोंडाशी असलेला दाब आणि बाहेरचा दाब यांतला फरक धरून ठेवते. लाईनला ३ बार असताना पेच फिरवून ९ बार लावले, तर स्प्रिंगवर खरं तर ६ बारच लावलेले असतात. लाईन १.८ वर आली की कॉफीवर ७.८ उरतात, ४.५ वर चढली की १०.५ होतात. संतुलित बायपासचे पंपही असतात आणि त्यांच्यात हा परिणाम कमी दिसतो. आपल्या मशीनमध्ये कोणता आहे हे ओळखायला ग्रुपला, म्हणजे कॉफी निघते त्या तोंडाला, ब्लाइंड बास्केट (भोकं नसलेली चाळणी) लावून पंप चालू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी शेजारचा नळ पूर्ण सोडायला सांगा. लाईनबरोबर पंपाचा काटाही तेवढाच खाली आला तर बायपास साधा आहे.

प्री-इन्फ्युजन, म्हणजे पूर्ण दाब देण्याआधी कॉफी भिजवणं, तर लाईनच्या दाबावरच चालतं. ई६१ नावाच्या लिव्हरवाल्या ग्रुपच्या नळजोड मशीनमध्ये लिव्हर अर्धा उचलला की झडप उघडते पण पंप सुरू होत नाही, कॉफी भिजते ती निव्वळ लाईनच्या जोरावर. तिथे २ बार आणि ४ बार यांत बराच फरक पडतो. दीड-दोन बारला दाबलेल्या कॉफीची चकती सावकाश भिजते, चारच्या पुढे पाणी कॉफीच्या अंगावर धावून येतं आणि वाटा पाडतं. बहुतेक मशीनना २ ते ३ बार मानवतात, पण काही उत्पादक कमाल मर्यादा याहून बरीच खाली ठेवतात. त्यामुळे खरेदीआधी आपल्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडा बघा, कारण व्हॉल्व्हचा प्रकार त्यावरच ठरतो.

आता व्हॉल्व्ह. डी०६एफचा बाहेरचा दाब १.५ ते ६ बारमध्ये लावता येतो, कारखान्यातून तो ३ वर लावून येतो. पारदर्शक प्लास्टिकच्या बाऊलचा (खालच्या वाटीचा) नमुना आत येणाऱ्या १६ बार दाबापर्यंत आणि ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, पितळी बाऊलचा २५ बारपर्यंत. बाऊलमध्ये ०.१६ मिमीची बारीक जाळी असते, म्हणजे वाळू आणि गंज इथेच थांबतात. ज्यांच्या मशीनला दीड बार किंवा त्याहून कमी हवा, त्यांनी डी०६एफएन हा कमी दाबाचा भाऊ घ्यावा, तो ०.५ ते २ बारमध्ये लागतो. डी०६एफला त्याच्या तळाच्या आकड्यावर चालवण्यात अर्थ नाही. स्प्रिंग जवळजवळ सैल असते आणि हाताच्या इवल्याशा हालचालीने आकडा सरकतो. कुठलाही रेग्युलेटर आपल्या पट्ट्याच्या मधोमध असताना सर्वांत गुणी वागतो.

डी०६एफची खरी कमाई म्हणजे संतुलित सीट (झडप जिथे टेकते ती बैठक). स्वस्त रेग्युलेटरमध्ये आत येणारा दाब झडपेला ढकलत असतो, त्यामुळे मुख्य लाईन पडली की बाहेरचा दाब उलट थोडा चढतो आणि लाईन चढली की पडतो. डी०६एफमध्ये आतल्या दाबाचा हा जोर दोन्ही बाजूंनी सारखा करून टाकलेला आहे. न्हाणीघरात काहीही चालू होवो, मशीनकडच्या गेजवर त्याची बातमी पोचत नाही. पण त्यासाठी आतला दाब बाहेरच्यापेक्षा किमान १ बार जास्त हवा. ३ लावायचे तर लाईनमध्ये सगळे नळ चालू असतानाही ४ हवेत. ही अट वाचायची राहून जाते आणि ‘व्हॉल्व्ह लावला तरी काटा पडतो’ अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच निघतं.

घराच्या लाईनचा व्हॉल्व्ह एवढ्याशा प्रवाहाला मोठा नाही का, हा प्रश्न रास्त आहे. कॉफी निघताना सेकंदाला एक-दोन मिली पाणी जातं, रिकाम्या ग्रुपमधून फ्लश करताना जास्तीत जास्त दहा मिलीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला अर्धा-पाऊण लिटर. एवढ्याला या व्हॉल्व्हची झडप जेमतेम किलकिली होते, म्हणून प्रवाह सुरू झाल्यावर दाब फारसा बसत नाही. हे फायद्याचंच आहे. तोटा असा की झडप सदैव सीटला चिकटूनच काम करते. त्या फटीत वाळूचा एक कण आला तरी ती पूर्ण बंद होत नाही. जाळी साफ ठेवणं इथे म्हणूनच घरच्या लाईनपेक्षा जास्त महत्त्वाचं.

जोडणीचा क्रम: आधी बंद करायचा कॉक, मग रेग्युलेटर, मग फिल्टर किंवा सॉफ्टनर, मग गेज, मग नॉन-रिटर्न (पाणी मागे येऊ न देणारी झडप), मग मशीनची नळी. रेग्युलेटर फिल्टरच्या आधी ठेवला की रात्रीचा चढलेला दाब काड्रिजच्या (फिल्टरमधल्या बदलायच्या नळकांड्याच्या) डोक्यावर येत नाही. व्हॉल्व्ह आडव्या पाइपवर, बाऊल खाली. प्लास्टिकच्या बाऊलवर थेट ऊन नको. बाहेर पडल्यावर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ भाग ठेवा, अर्ध्या इंचीला साधारण ७५ मिमी. व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांना गेजसाठी पाव इंची जागा असते. तिथे एक गेज लावा आणि फिल्टरनंतर दुसरं. फ्लश चालू असताना दोहोंतला फरक म्हणजे काड्रिज खात असलेला दाब. काड्रिज नवं असताना हा फरक लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की तारीख बघायची गरज नाही, काड्रिज बदला.

गेज निवडतानाही लोक हमखास चुकतात. ० ते १६ बारचं, २.५ वर्गाचं गेज ०.४ बारनेही चुकू शकतं, कारण चूक पूर्ण पट्ट्याच्या टक्क्यात मोजतात. तीन बारच्या कामाला ० ते ६ चं, १.६ वर्गाचं गेज घ्या, चूक ०.१ च्या आत राहते. ग्लिसरीन भरलेलं असेल तर काटा थरथरत नाही. आणि मशीनच्या अंगावरचा पंपाचा गेज लाईनचा दाब दाखवतो यावर भरवसा ठेवू नका. मशीन तापलेलं आणि बंद पडून असताना आत कोंडलेलं पाणी फुगतं आणि तो काटा नुसत्या तापण्याने सात-आठवरही जाऊन बसतो.

आट्यांची एक अडचण आधीच सांगितलेली बरी. मशीनचं तोंड बहुधा तीन अष्टमांश इंची, प्लंबरच्या भाषेत तीन सूत, ब्रिटिश मापाच्या बीएसपी आट्यांचं असतं. अमेरिकी मापाच्या एनपीटीचं कपलिंग त्यावर दोन-अडीच फेरे जातं आणि अडकतं, कारण तीन सुतात बीएसपीला इंचाला १९ आटे असतात आणि एनपीटीला १८. अर्ध्या इंचीत दोन्हीला १४, त्यामुळे तिथे बसल्यासारखं वाटतं, पण आट्यांचा कोन वेगळा असतो आणि गळती सुरूच राहते. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा आणि पहिला आटा मोकळा सोडा. टोकाशी लोंबणारा धागा पाण्याबरोबर निघतो आणि ग्रुपच्या जिक्लरमध्ये, म्हणजे पाणी बेतानं सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, जाऊन बसतो. जिक्लरचं भोक मिलीमीटरपेक्षाही लहान असतं, नंतर ते शोधायला मशीन खोलावं लागतं.

रेग्युलेटर ते मशीन पाव इंची नळी पुरते का? तीन मीटरपर्यंत पुरते. पाव इंची नळीचं आतलं भोक सव्वाचार मिमीच्या आसपास असतं आणि सेकंदाला दहा मिली जाताना मीटरमागे साधारण ०.०२५ बार जातो. तीन सुती नळीत तो याच्या दहाव्या हिश्शावर येतो. अंतर लांब असेल तर तीन सूतच टाका. पाइपला भोसकून बसवायचे सॅडल क्लॅम्प मात्र कुणी फुकट दिले तरी नकोत. भोक इवलंसं पडतं, त्याच्या कडेला कचरा धरतो आणि पंपाला पाणी कमी पडलं की तो किंचाळायला लागतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं की पंपाच्या आतल्या कार्बनच्या पात्या झिजतात.

दाब लावताना नुसतं गेज बघून पेच फिरवला की फसायला होतं. सुरुवातीला मशीनची नळी मशीनला जोडूच नका, बादलीत सोडा. व्हॉल्व्हवरचा खाचेचा स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. मग मूठ घड्याळाच्या उलट दिशेने, हलायची थांबेपर्यंत फिरवून स्प्रिंग मोकळी करा. कॉक हळू उघडा, चार-पाच लिटर पाणी वाहू द्या, म्हणजे जोडणीतली धूळ, टेपचे तुकडे आणि काड्रिजचा काळा चुरा निघून जाईल. नळी मशीनला जोडा. टाकी आणि लाईन दोन्हीवर चालणारं मशीन असेल तर आतला वळवायचा कॉक आणि सेन्सरचा स्विच दोन्ही लाईनवर करा. एक राहिला की एकतर मशीन पाणी नाही म्हणून रडतं, नाहीतर लाईनचं पाणी टाकीत चढतं.

आता ग्रुपमधून पाणी सोडून, ते वाहत असतानाच, मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवत ३ बारवर या. नेहमी खालून वर यायचं. दाब जास्त झाला आणि मूठ उलट फिरवली, तर पाणी स्थिर असताना काटा जागचा हलणार नाही, कारण पलीकडे कोंडलेला दाब जाणार कुठे? ग्रुप उघडा, लागणाऱ्या आकड्याच्या खाली उतरा, मग पुन्हा वर या. पाणी बंद केल्यावर काटा थोडा वर सरकेल. ०.२-०.३ बारचा हा फरक प्रत्येक रेग्युलेटरला असतो. मुठीवर आकड्यांची पट्टी आहे, पण ती अंदाजाला ठीक, खरा आकडा गेजचा. सगळ्यात शेवटी, लाईन स्थिर झाल्यावर, पंपाचा पेच. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांना पंप दोनदा लावावा लागतो.

रात्री झोपताना गेजचा आकडा लिहा आणि सकाळी कुठलाही नळ उघडायच्या आधी पुन्हा बघा. काटा चढून बरोबर मुख्य लाईनच्या आकड्यावर थांबला असेल तर झडपेच्या सीटमध्ये कचरा आहे आणि पाणी झिरपतंय. मुख्य लाईनच्याही वर गेला असेल तर दोष रेग्युलेटरचा नाही, गरम होऊन फुगलेलं पाणी मशीनमधून मागे येतंय. मशीन तापलेलं असताना तोंडाशी नळीला हात लावून बघा, कोमट लागली तर नॉन-रिटर्न गेला. रात्रीच्या चढणीने सकाळची पहिली कॉफी अकरा बारवर निघते असं म्हणतात, ते काही बरोबर नाही. कोंडलेला दाब पहिल्या काही थेंबांतच सुटतो, मग रेग्युलेटर पुन्हा ताबा घेतो. बिघडतो तो प्री-इन्फ्युजनचा पहिला क्षण, आणि रात्रभर ताण येतो तो नळ्यांवर.

पर्यायांबद्दल थोडक्यात. आरओ आणि फ्रिजसाठी मिळणारे पाव इंची, पुश-फिट, आकडा ठरलेले लिमिटर बहुधा ७० पीएसआयवर बांधलेले असतात, म्हणजे ४.८ बार. ते आरओची नळी फुटण्यापासून वाचवतात, एस्प्रेसोला त्यांचा उपयोग नाही. पेच असलेले पाव इंची इनलाइन रेग्युलेटर चालतात, जागा वाचवतात, पण त्यांचा दाब तोलणारा पडदा लहान असल्याने फ्लश सुरू होताच दाब जास्त बसतो आणि बरेचसे खोलून साफ करता येत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेचा रेग्युलेटर कुणी सुचवला तर ऐकू नका. त्यातले बरेचसे जादा दाब वरच्या भोकातून बाहेर सोडणारे असतात, आणि इथे बाहेर येईल ते पाणी. तसंच कॉक अर्धा बंद करून दाब कमी होत नाही. वाहताना प्रवाह कमी होतो, थांबल्यावर पूर्ण दाब परत येतो.

लाईनच कमजोर असेल तर हा व्हॉल्व्ह काहीच करू शकत नाही, तो दाब फक्त उतरवतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर हिशोब सरळ आहे: दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार. तिथे बूस्टर पंप, त्याच्यापुढे छोटी हवेची टाकी आणि मग रेग्युलेटर असा क्रम लागतो. टाकीतली हवा बूस्टर सुरू होण्याच्या दाबापेक्षा ०.१५ ते ०.२ बार कमी भरायची, आणि ती मोजायची टाकीतलं पाणी रिकामं करूनच. आरओच्या साठवणटाकीवरून मशीन चालवणाऱ्यांचीही हीच गत असते. त्या टाकीत रिकामी असताना हवा ०.३५ ते ०.५ बार असते, भरली की दाब कित्येक पट होतो. भरलेल्या टाकीवर एक चव, उतरलेल्या टाकीवर दुसरी. टाकीनंतर बूस्टर लावल्याशिवाय रेग्युलेटरवर पैसे घालू नका.

दाब नीट लागला तरी एक धोका उरतोच. स्टीम बॉयलर भरणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंचित जरी गळत असेल, तरी मशीन बंद आणि बॉयलर थंड असताना आत विरोध करायला दाबच नसतो, आणि ३ बारची लाईन रात्रभरात बॉयलर गच्च भरते. सकाळी वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणी येतं, किंवा व्हॅक्यूम ब्रेकरमधून (बॉयलर थंड होताना आत हवा घेणाऱ्या झडपेतून) मशीनच्या आत सांडतं. दाब २ वर आणला तर गळती सावकाश होते इतकंच. म्हणून रेग्युलेटरच्या आधीचा कॉक हात सहज पोचेल अशा जागी हवा. पाण्याची चाहूल लागताच लाईन बंद करणारा सेन्सर लावता आला तर आणखी बरं.

सोलेनॉइड बंद होताना पाइप ठोकल्यासारखा आवाज येत असेल तर मशीनजवळ पाण्याचा धक्का शोषणारा छोटा हॅमर अरेस्टर बसवा. डी०६एफ हा धक्का शोषत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नको.

देखभालीला हा व्हॉल्व्ह सोपा आहे. कॉक बंद करा, ग्रुपमधून दाब सोडा, बाऊल उतरवा, जाळी वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. सीट गळत असेल तर आतला अख्खा इन्सर्ट बदलता येतो, बॉडी पाइपवरून काढावी लागत नाही. पाव इंची व्हॉल्व्ह फेकून द्यावे लागतात तिथे हा पुन्हा उभा राहतो, मोठेपणाची गैरसोय सोसायला हे कारण पुरेसं आहे. जागा मात्र तो खातो. ओट्याखालच्या अरुंद कपाटात बाऊल काढायला खाली एक वीत मोकळी ठेवावी लागते. बाऊल साफ करायला साधं पाणीच वापरा, थिनर किंवा अल्कोहोल लागलं की प्लास्टिक चिरतं. बाऊलसाठी दुहेरी कडीचा पाना वेगळा मिळतो, तो व्हॉल्व्हबरोबरच घ्या. पाइप पाना लावला तर कडेला केसाएवढा तडा जातो आणि तो दिसतो कॉक उघडल्यावर.